चाकं असलेली पागडी

‘स्टॅटिक’ आणि ‘कॅरव्हॅन’ हे दोन शब्द एकाच बाकावर बसवायला इंग्रजांचंच धाडस हवं. कॅरव्हॅन म्हणजे तांडा, आणि तांडा चालतो म्हणूनच तो तांडा. पण ब्रिटनच्या किनाऱ्यांवर, लिंकनशरमधल्या स्केगनेसला काय किंवा वेल्समधल्या ऱ्हिलला काय, रांगाच्या रांगा लावून उभ्या असलेल्या, सुट्टीत राहायच्या या कॅरव्हॅन वर्षानुवर्षं तसूभरही हलत नाहीत. यातल्या बऱ्याच जणींचं माहेर म्हणजे हल शहराच्या आसपासचे कारखाने. तिथून त्या लांबलचक ट्रकवर चढतात, समुद्राकाठच्या पार्कात उतरतात, तिथला ट्रॅक्टर त्यांना ठरलेल्या जागेवर नेऊन बसवतो. मग खाली ठोकळे लागतात, वाऱ्याने उलटू नये म्हणून साखळ्या लागतात आणि चाकं दिसू नयेत म्हणून भोवतीने झालर लागते. लपवायचीच होती तर चाकं दिली कशाला? जागेवर नेता यावं म्हणून, आणि नेता येणं कायद्यालाही लागतं. १९६० च्या ब्रिटिश कायद्यानुसार माणसाला राहता येईल आणि एका जागेवरून दुसरीकडे नेता येईल असं बांधकाम म्हणजे कॅरव्हॅन. नेलंच पाहिजे असं नाही, नेता आलं पाहिजे. आपल्याकडच्या सरकारी फायलीलाही ही व्याख्या चपखल बसते.

ही वस्तू मराठी माणसाला समजावून सांगायला इंग्रजी शब्दकोश कामाचा नाही, गिरगावातली चाळ कामाची आहे. स्टॅटिक कॅरव्हॅन म्हणजे पागडी. सुरुवातीला एकरकमी घसघशीत पैसे मोजायचे, त्यानंतर जागेचं भाडं भरत राहायचं आणि विकायची वेळ आली की जागामालकाचा हिस्सा काढून द्यायचा. पागडीत रिवाजाने हा हिस्सा एक तृतीयांश, कॅरव्हॅनच्या करारात विक्रीच्या किमतीवर पंधरा टक्क्यांपर्यंत. सांगाडा सारखा असला तरी जीव मात्र उलटा आहे. पागडीच्या खोलीत भाडेकरू तीन पिढ्या हलत नाही, भाडं चहाच्या बिलाएवढं राहतं आणि रडतो तो मालक. इथे ‘पिच फी’ नावाचं भाडं वर्षाला काही हजार पौंड, ते बहुधा दरवर्षी चढतं, आणि करार ठरावीक वर्षांचा. मुदत संपली की आपली कॅरव्हॅन आपण उचलून न्यायची. कुठे, ते करारात नसतं. म्हणजे भिंती आपल्या, छप्पर आपलं, पडदे आपले. सातबारा तेवढा दुसऱ्याचा. आणि घराची किंमत वाढते ती पडद्यांमुळे नव्हे, एवढं तर आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं.

घर की गाडी, हा गोंधळ फक्त गिऱ्हाइकाचाच आहे असं मात्र नाही. २०१२ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी स्टॅटिक कॅरव्हॅनवर वीस टक्के व्हॅट लावायचं ठरवलं. त्याच अर्थसंकल्पात गरम पेस्टीवरही कर होता, त्यामुळे जेवण आणि सुट्टी दोन्ही एकदमच महागणार होती. कारखान्यांच्या गावांतून ओरड झाली आणि एप्रिल २०१३ पासून तडजोडीचा पाच टक्के कर आला. आता हिशेब बघा. नव्या घरावर व्हॅट शून्य, गाडीमागे ओढून न्यायच्या कॅरव्हॅनवर वीस टक्के, आणि हिच्यावर पाच. म्हणजे खुद्द सरकारच्या मते ही पाव हिस्सा गाडी आणि पाऊण हिस्सा घर आहे. तरी त्या पाऊण घरात बारमाही राहायची सोय नाही. बहुतेक सुट्टीची पार्कं हिवाळ्यात काही आठवडे बंद असतात आणि कॅरव्हॅनच्या मालकाचा कायमचा पत्ता दुसरीकडे असावा लागतो. कायमच्या वस्तीच्या पार्कांतल्या रहिवाशांना १९८३ च्या कायद्याचं संरक्षण आहे, सुट्टीवाल्यांना नाही. दुष्काळात तेरावा महिना आपण ऐकून आहोत. इथे वर्ष साडेदहा-अकरा महिन्यांचं आणि भाडं मात्र अख्ख्या वर्षाचं.

आतली रचना मात्र वाखाणण्याजोगी. पस्तीस फूट लांब, बारा फूट रुंद, म्हणजे चारशेवीस चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेला वन बीएचके म्हणतात आणि बाल्कनी बंद करून घेतात. इथे तेवढ्यातच दोन बेडरूम, न्हाणीघर, स्वयंपाकघर, पुढे मोठी खिडकी असलेली बैठक, आणि त्या सोफ्याच्या पोटातून आणखी एक पलंग. बाहेर सत्तेचाळीस किलोचे लाल सिलिंडर उभे, आपल्या घरच्या १४.२ किलोवाल्याचे थोरले काका. त्यात प्रोपेन असतो, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच नाकारतो. तिथल्या थंडीत सकाळचा चहा अडला असता. थंडीचं खरं प्रकरण पुढेच आहे. हंगाम संपताना कॅरव्हॅन ‘ड्रेन डाउन’ करायची, म्हणजे तिच्या नसांतला थेंबन् थेंब काढायचा. पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा, सगळे नळ उघडे टाकायचे, खाली वाकून निचऱ्याच्या तोट्या सोडायच्या, शॉवरची नळी झटकायची, संडासाच्या भांड्यात न गोठणारं द्रावण ओतायचं. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फोडून वसंतात पाहुण्यासारखं बाहेर येतं. गाद्या भिंतीपासून दूर उभ्या करायच्या, फ्रिजचं दार किलकिलं ठेवायचं, उंदरांसाठी बिस्किटाचा चुराही मागे ठेवायचा नाही. दहा दिवसांचा गणपती बोळवतानाही एवढी आवराआवर होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढ्या पैशात लोणावळ्याला फ्लॅट आला असता, आणि त्याची किंमत वाढली असती! बरोबर आहे. पण लोणावळ्याच्या फ्लॅटचा उपभोग म्हणजे पावसाळ्यानंतर जाऊन कुठे ओल आली ते पाहणं आणि सोसायटीशी भांडणं. आपण त्याला गुंतवणूक म्हणतो आणि गुंतवणुकीला सगळं माफ असतं, अगदी ती कधी वापरली नाही तरी. कॅरव्हॅनला हे सोंग शोभत नाही. ती घसरणारी वस्तू आहे, हे मान्य करूनच तिच्याकडे बघायला हवं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: मग हॉटेल काय वाईट? इथे चौरस फूट मोजणं सोडून रात्री मोजाव्यात. समजा चाळीस हजार पौंडांची कॅरव्हॅन घेतली आणि दहा वर्षांनी पाच हजारांना गेली. वर्षाला साडेतीन हजारांची घट. पिच फी पाच हजार धरा, गॅस-वीज-विमा एक हजार. झाले साडेनऊ हजार. वर्षातून तीस रात्री गेलात तर एका रात्रीला तीनशेवर पौंड पडले, त्यात नाश्ता आपणच करायचा. पंच्याण्णव रात्री राहिलात तर शंभर पौंड, आणि तेवढ्यात सहा माणसं झोपली. भारतातून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईवडील, दोन मुलं आणि स्वतःच्या हाताने फोडणी घालायची मुभा, हे सगळं हॉटेलात त्या भावाला मिळत नाही. (फोडणीला धुराचा अलार्म किंचाळतो, पण तो हॉटेलातही किंचाळतो.)

तेव्हा कॅरव्हॅन घेणारा मूर्ख नव्हे. तिला घर समजून घेणारा फसतो. दर शुक्रवारी जाणाऱ्याला ती परवडते, ‘मुलांच्या नावावर काहीतरी होईल’ म्हणून घेणाऱ्याला नाही, कारण मुलांच्या नावावर शेवटी होईल तो ती उचलून नेण्याचा खर्च. स्केगनेसची हवा झोंबरी आहे हे रेल्वेने १९०८ साली पोस्टर काढून जगाला सांगितलं आणि त्या झोंबण्यावरच गावाचं नाव झालं. कॅरव्हॅन विकणाऱ्यांना तेवढा मोकळेपणा अजून जमलेला नाही. ते ऊन पडलेल्या दिवशी खिडकीतून समुद्र दाखवतात. म्हणून बघायला जायचं तर जूनमध्ये जाऊ नका, नोव्हेंबरातल्या पावसात जा. सेल्समन सोफ्याचा रंग कोणता हवा ते विचारेल. तुम्ही विचारा, करार कोणत्या सालापर्यंत आहे.