काट्यावरचं जेवण

मेहुणा परदेशात स्थिरावला की त्याच्यात दोन बदल होतात. एक, तो दुकानात जाताना घरून पिशवी नेतो. दोन, तो बहिणीच्या नवऱ्याला शहाणं करायला घेतो. आमचा मेहुणा प्रागमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, आणि पिशवीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

"भाऊजी, तुम्ही इतके दिवस खाताय ते चेक जेवण नव्हेच," तो म्हणाला. "ते टूरिस्टांसाठी. आता मी तुम्हाला मॉडर्न चेक जेवण दाखवतो. टेस्टिंग मेन्यू असतो. छोट्या छोट्या बशा येतात. ड्रिंक्स त्यातच धरलेली."

यातलं पहिलं वाक्य हिने ऐकलं, शेवटचं मी. मधली आम्ही दोघांनीही सोडून दिली, आणि पुढे जे काही घडलं ते सगळं त्या मधल्या वाक्यांत होतं.

आम्ही इतके दिवस काय खात होतो, ते आधी सांगायला हवं. चेक खानावळीतलं नेहमीचं ताट म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस, शिजवलेली आंबट कोबी आणि क्नेडलीक. 'वेप्रो-क्नेडलो-झेलो' असं तिघांचं नाव एका दमात घेतात. क्नेडलीक म्हणजे पिठात शिळ्या पावाचे तुकडे मळून केलेला लांबट गोळा. तो उकडतात, आणि सुरीने दबतो म्हणून दोऱ्याने कापतात. चकत्या पांढऱ्या, मऊ, स्वतःचं असं काही मत नसलेल्या. समोर येईल तो सॉस शोषून घेणं एवढंच त्यांचं जीवितकार्य. मी मासे-कोंबडीपर्यंत जातो, त्यापुढे जात नाही. ही शुद्ध शाकाहारी. त्यामुळे आमच्या वाट्याला 'स्माझेनी सीर' यायचं. चीजची जाड वडी ब्रेडक्रम्ब लावून तळायची आणि बटाटे नि टार्टर सॉसबरोबर वाढायची. पहिल्यांदा ते हिला फार आवडलं. पुढे पुढे मेन्यूकार्ड यायच्या आधीच ही वेटरकडे बघून खिन्नपणे मान हलवायची आणि तो समजून जायचा.

त्या मेन्यूकार्डांत माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं होतं. पदार्थाच्या नावाशेजारी वजन छापलेलं. १५० ग्रॅम, २०० ग्रॅम. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला आकडा दिसला की चैन पडत नाही. मी विचारलं, आणि मेहुण्याची शिकवणी सुरू झाली.

१९४८ साली कम्युनिस्टांचं राज्य आलं. खानावळी सरकारजमा झाल्या आणि स्वयंपाक्यांच्या हाती पुढे सरकारी पाककृतींचं पुस्तक पडलं. मांस किती ग्रॅम, पीठ किती, सॉस किती, सगळं ठरलेलं. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पदार्थ एकाच मापाचा. आपल्या मनाने काही वेगळं करायचं तर वरून मंजुरी हवी. नवऱ्याने काय खावं हे बायकोने ठरवणं मी समजू शकतो, पण मंत्रालयाने? १९८९ साली मखमली क्रांती झाली, सरकार गेलं, भिंतींवरच्या तसबिरी उतरल्या. ग्रॅम मात्र मेन्यूकार्डावर राहिले. गिऱ्हाइकाला एकदा वजन बघायची सवय लागली, की ती सोडवणं कुठल्याच क्रांतीला जमत नाही.

"मग आता?" हिने विचारलं.

"आता शेफ मोकळा आहे, ताई. मनाला येईल ते करतो."

रेस्टॉरंट कार्लीन भागात होतं. २००२ च्या महापुरात व्लतावा नदी या जुन्या वस्तीत शिरली होती. पूर ओसरल्यावर नव्याने बांधणी झाली, ऑफिसं आली, आणि ऑफिसांच्या मागोमाग आंबवलेल्या पिठाचा महागडा पाव आला. आमच्या टेबलावरून स्वयंपाकघर उघडं दिसत होतं. एका तरुण आचाऱ्याने चिमट्याने शेपूची काडी उचलली, बशीत ठेवली, मान तिरकी करून पाहिली आणि परत उचलली. त्याच्या शेजारी डिजिटल वजनकाटा होता. सॉसची वाटी त्यावर ठेवून त्याने चमच्याने थोडा सॉस काढून घेतला.

"मोकळा शेफ तो हाच का?" मी विचारलं. मेहुण्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

वाढणारी मुलगी हसरी होती आणि उत्तम इंग्रजी बोलत होती. बशी ठेवली की ती हात मागे बांधून उभी राही आणि पदार्थाचा इतिहास सांगे. प्रसाद हाती पडण्याआधी कथा ऐकावी लागते, हा सत्यनारायणाचा नियम कार्लीनमध्येही पाळला जात होता.

पहिल्या बशीत कुरकुरीत चकतीवर 'त्वारुझ्की' नावाचं चीज होतं. हे मोराव्हिया प्रांतातलं, लोश्तीत्से गावातलं. २०१० पासून युरोपियन युनियनने त्याच्या नावाला संरक्षण दिलंय आणि गावात त्याचं संग्रहालयही आहे. संरक्षण नावाला कशासाठी दिलं, ते वास आल्यावर कळेना. गरज शेजाऱ्यापाजाऱ्यांना होती. चीज नखाएवढं होतं. वास पूर्ण मापाचा होता.

त्याबरोबर बिअर आली आणि कथेला रंग चढला. १८३८ साली प्लझेन शहरात बिअर इतकी वाईट निघाली, की लोकांनी ३६ पिंपं नगरभवनासमोर रस्त्यावर ओतून दिली. तक्रार नोंदवायची ही पद्धत मला फार पसंत पडली. नगराने नवी ब्रूअरी बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि १८४२ साली त्याने ती सोनेरी पिल्सनर काढली, जिच्या नकला पुढे जगभर झाल्या. आजही बिअर पिण्यात दरडोई पहिला नंबर चेक लोकांचाच. वर्षाला माणशी सव्वाशे लिटरच्या आसपास. यात तान्ही मुलंही धरलेली असल्यामुळे मोठ्यांना जास्त कष्ट पडतात. ओतायच्याही तऱ्हा आहेत. कुणाला वर तीन बोटं फेस लागतो, कुणाला अर्धा ग्लास, तर कुणी जवळजवळ नुसताच फेस मागवतो. एरवी पबमध्ये अर्धा लिटर पिणाऱ्या या लोकांनी माझ्यापुढे ठेवलेला ग्लास मात्र औषधाच्या मापाचा होता. "पुढे अजून बरंच आहे," मेहुणा म्हणाला. ते मी पुढच्या प्रत्येक ग्लासाच्या वेळी ऐकलं.

हिच्यासाठी बिनदारूची वेगळी पेयं होती: सफरचंदाचा ताजा रस, एल्डरफुलाचं सरबत, कोंबुचा. सगळी मोठ्या ग्लासांत, काठोकाठ. म्हणजे जी व्यक्ती एरवी पाण्याचा ग्लास अर्धा ठेवते तिला पूर्ण ग्लास, आणि ड्रिंक्स धरलेली आहेत म्हणून सकाळपासून मनाची तयारी करून आलेल्या माणसाला दोन घोट.

मग कुलाय्दा आलं. हे दक्षिण बोहेमियाचं सूप: साय, रानातली अळंबी, बटाटा, व्हिनेगरचा आंबटपणा, वर अंडं, आणि भरपूर शेपू. हिच्या वाटीत अंडं नव्हतं. अळंबी वेचायला रानात जाणं हा इथला राष्ट्रीय छंद, आणि ही अळंबी शेफ स्वतः वेचून आणतो, असं मुलीने सांगितलं. त्याला त्या दिवशी रानात फारसं काही सापडलं नसावं. मेहुण्याने डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाला, "शेपूचा काय गंध आहे!"

ही त्याच्याकडे बघतच राहिली. "शेपूची भाजी केली की तू ताट सरकवून उठायचास. आई मागे धावायची."

"ताई, तो शेपू वेगळा."

"शेपू तोच आहे. पैसे वेगळे आहेत."

यानंतर बराच वेळ शिकवणी बंद होती. मोराव्हियन वाइन आल्यावर ती पुन्हा सुरू झाली. देशातले जवळजवळ सगळे द्राक्षमळे मोराव्हियात आहेत. आमच्या ग्लासात होती ती पालावा. दोन जुन्या जातींच्या संकरातून तयार केलेली, १९७७ साली नोंदवलेली. म्हणजे सरकार सगळ्यांच्या ताटातला सॉस मोजत होतं, तेव्हा कुणीतरी शांतपणे द्राक्षांची सोयरीक जमवत बसलं होतं. वाइन खरोखर सुगंधी होती. दुसऱ्या घोटाला संपली.

कार्प माशाची कथा सर्वांत लांब. दक्षिणेत त्र्शेबोन्यच्या आसपास माणसांनी खोदलेली प्रचंड तळी आहेत. त्यातलं सर्वांत मोठं, रोझम्बेर्क, १५९० साली पूर्ण झालं. तिथले कार्प नाताळच्या आधी शहरांत जिवंत विकायला येतात. पूर्वी बरीच कुटुंबं मासा घरी आणून आंघोळीच्या टबात ठेवत. तेवढे दिवस कुणी आंघोळ करायची नाही. पोरं माशाचं नाव ठेवत, त्याच्याशी खेळत, आणि मग नाताळच्या आदल्या संध्याकाळी ताटात वाढलेला मासा बघून रडत. माझ्या बशीत आलेला तुकडा पाहता आमचा कार्प टबात नव्हे, चहाच्या कपात वाढला असावा. "याचा खवला पाकिटात ठेवला की वर्षभर पैसा कमी पडत नाही, अशी इथे समजूत आहे," मेहुण्याने सांगितलं. बिल कुणाच्या नावावर होतं ते आठवून मी म्हणालो, "मग दोन ठेव."

आणि मग स्विच्कोवा. चेक माणसाच्या काळजाला हात घालायचा तर या पदार्थाचं नाव घ्यावं. मूळचा गोमांसाचा, आमच्यासाठी भाजलेल्या सेलरीच्या कंदाचा केला होता. खरी गंमत सॉसमध्ये. गाजर, सेलरीचा कंद, पार्सलीचं मूळ, तमालपत्र, मिरी हे सगळं शिजवून, वाटून, त्यात साय घालतात. वर लिंबाची चकती, क्रॅनबेरीचा मुरांबा आणि फेटलेलं क्रीम. आंबट, गोड, स्निग्ध, तिन्ही एकदम, आणि कुणी कुणाच्या अंगावर जात नाही.

इथे मेहुण्याने इतिहासाचं शेवटचं प्रकरण काढलं. सरकारी पुस्तकाच्या आधी चेक जेवण कसं होतं, ते शोधायला नव्या पिढीचे शेफ जुन्या पुस्तकांकडे वळले. माग्दालेना दोब्रोमिला रेत्तिगोवा या बाईंनी १८२६ साली स्वयंपाकाचं पुस्तक काढलं, तेही चेक भाषेत. त्या काळी शहरातली प्रतिष्ठित मंडळी जर्मन बोलत. एकोणिसाव्या शतकातल्याच दुसऱ्या एका पाकपुस्तकातून स्फूर्ती घेणाऱ्या प्रागच्या 'ला देगुस्तासियाँ' या रेस्टॉरंटला २०१२ साली मिशलिनचा तारा मिळाला. थोडक्यात, एका पुस्तकातून सुटका करून घ्यायला यांनी दुसरं पुस्तक उघडलं.

हिने मात्र यातलं काही ऐकलं नव्हतं. ती सॉस खात होती. माझंही तेच चाललं होतं. गेल्या कित्येक दिवसांत मी एवढं चांगलं काही खाल्लं नव्हतं, आणि हे मी मेहुण्यासमोर कबूल करणार नव्हतो. अडचण एकच झाली. खानावळीत याच्याबरोबर क्नेडलीकच्या पाच-सहा चकत्या देतात. इथे एकच होती, पाच कोरुनांच्या नाण्याएवढी, आणि ती संपली तेव्हा बशीत सॉस शिल्लक होता.

"अजून एक मागू या का?" ही हळूच म्हणाली.

"ताई, इथे असं मागत नाहीत."

"का? संपलेत?"

तिने हात वर केला. मुलगी आली, ऐकून क्षणभर गोंधळली, आत गेली. आत तिघांची मसलत झाली. माझ्या डोक्यात तोवर एक हिशेब पूर्ण झाला होता. सरकारने चाळीस वर्षं ग्रॅम मोजले ते सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून. शेफ ग्रॅम मोजतो ते दुसऱ्या कुणासारखं होऊ नये म्हणून. बशीपुढे बसलेल्या माणसाला दोन्ही राजवटींत आणखी एक चकती मागायला तेवढंच धैर्य लागतं. चकती आली. येण्याआधी ती काट्यावर ठेवलेली मी स्वतः पाहिली.

गोड पदार्थ आलुबुखारा आणि खसखशीचा होता. खाण्याची खसखस पिकवण्यात चेक देश जगात अगदी वरच्या रांगेत आहे, आणि ते लोक ती चिमटीने नव्हे, ओंजळीने घालतात. "एवढी खसखस! झोप लागेल," ही म्हणाली. त्या रात्री मोजून न घातलेली तेवढी एकच वस्तू होती. शेवटी बेखेरोव्का आली. कार्लोवी वारी या गरम झऱ्यांच्या गावची, १८०७ पासूनची, वनौषधी घातलेली कडसर दारू. त्या गावात औषधी पाण्याचे बारा झरे आहेत, आणि तेरावा झरा म्हणजे ही बाटली, असं तिथले लोक म्हणतात.

"हे मुळात पोटाचं औषध आहे, ताई," मेहुणा म्हणाला.

"मग चमच्याने घे," ही म्हणाली.

निघताना मुलीने विचारलं, सगळ्यांत जास्त काय आवडलं. आम्ही दोघांनी एकदम स्विच्कोवाचं नाव घेतलं. तिचा चेहरा खुलला. इकडे तिकडे बघून, आवाज उतरवून ती म्हणाली, "चांगली आहे. पण माझ्या आजीची याहून चांगली असते. दर रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे जेवतो."

"आजी किती ग्रॅम वाढते?" मी विचारलं.

"आजीकडे काटा आहे," ती म्हणाली, "पण तो बाथरूममध्ये. जेवण झाल्यावर आपण त्याच्यावर उभं राहायचं."