पोटभाडेकरू

उंदराच्या औषधाचा मोठा गुण म्हणजे ते लवकर मारत नाही. पेणच्या बाजारात दुकानदाराने हे इतक्या अभिमानाने सांगितलं की मला वाटलं, पडून राहिलेला माल गळ्यात मारतोय. पण त्याचं खरं होतं. उंदराला उलटी होत नाही. त्यामुळे अनोळखी पदार्थ तो आधी चिमूटभर चाखतो आणि पोटात गडबड झाली की जन्मात त्याला तोंड लावत नाही. (लग्नाच्या पंगतीत आपल्याला एवढी अक्कल नसते.) झिंक फॉस्फाइडसारखं जहाल औषध म्हणूनच फसतं. नवी औषधं रक्त गोठू देत नाहीत आणि कामाला काही दिवस घेतात, तोवर दोष कुणाला द्यायचा हे उंदराला कळत नाही. यांचा पूर्वज वॉरफरिन १९४८च्या सुमारास अमेरिकेत उंदरांसाठी विकायला आला आणि पुढे १९५४ साली माणसांसाठी. आमचे मामंजी तेच घेतात. मी पुडी त्यांच्या गोळ्यांच्या डब्यापासून लांब, माळ्यावर ठेवली तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना कुठे एवढं वर चढता येतंय!"

ही खरेदी झाली श्रावणात. पेणमध्ये श्रावण म्हणजे गणपतीच्या कारखान्यांत रात्री जागवून डोळ्यांची आखणी आणि बाप्पाच्या पायाशी लाडू धरून बसलेले, रंग ओला असलेले उंदीर. हमरापूर-जोह्याकडे तर घरोघरी. सासूबाईंनी फर्मान काढलं, "गौरी-गणपती जाईपर्यंत पुडी फोडायची नाही." उंदरांनी ते ऐकलं असावं. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, झिजवले नाहीत तर त्यांचीच पंचाईत, हे सगळं मला मान्य आहे. पण त्यासाठी मिक्सरचीच वायर, आणि तीही नेमकी मोदकाच्या आदल्या दिवशी?

रोह्याला माहेरी दादाचा हिशेब वेगळा. तिथले उंदीर भाताच्या लोंब्या तोडून बिळात कोठार भरतात. कापणीनंतर कातकरी बांधावर येतात, माती हाताने चाचपून नेमकं बीळ ओळखतात, बाकीची तोंडं बुजवतात आणि खणून किलोंनी भात बाहेर काढतात. उंदीरही सोडत नाहीत, भाजून खातात. दुकानदाराच्या सगळ्या पुड्यांपेक्षा हा बंदोबस्त पक्का. दादा मात्र धुसफुसतो, "भात माझा, साठवला उंदराने, नेला तिसऱ्यानेच!"

झुरळांचं थोडक्यात सांगते. ती अंगावरच्या भोकांतून श्वास घेतात, त्यामुळे डोकं उडालं तरी काही आठवडे जगू शकतात. हे कळल्यापासून चप्पल उचलताना माझा हात कचरतो.

दादा दरवर्षी घरचा तांदूळ पाठवतो. त्यात काळे, सोंडवाले किडे निघतात. सासूबाई बोरिक पावडर लावतात, कडुनिंबाचा पाला घालतात, चाळतात, निवडतात. पण त्या किड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक चिकट लेपाने बंद करते. अळी दाण्यातच वाढते, किडा होऊनच बाहेर पडते. बाहेर पडलेला किडा निवडता येतो. आतला सरळ भातात शिजतो. चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य असणाऱ्या सासूबाईंना हे कोण सांगणार? दादा म्हणतो, तू सांग. मी म्हणते, तांदूळ तुझा.