पाळीव पाणी

प्लाझ्मा कटर पत्रा कसा कापतो ते बघायला माणसं गोळा होतात. त्याच्या खालची टाकी बघायला कोणी येत नाही. मीही काळी काच डोळ्यांवर धरून वरचा झोतच बघत असतो, त्यामुळे इतरांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. त्या झोताचं तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझा पुतण्या सूर्यालाही गार म्हणावं अशी वस्तू चालवतो आणि तिचं वीजबिल भरतो. या तंत्राचं पेटंट १९५७ साली अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांना मिळालं. धुराचं काय करायचं, हा प्रश्न मात्र ज्याच्या शेडमध्ये यंत्र बसतं त्याचा.

धूर म्हणजे चुलीसारखा साधा धूर नव्हे. वितळलेलं लोखंड झोताच्या रेट्याने खाली उडतं आणि त्यातलं काही वाफ होऊन बारीक तपकिरी धूळ बनून सगळीकडे बसतं. माझ्या हिशेबाच्या वह्यांवर, गणपतीच्या तसबिरीवर, चहाच्या सायीवर. स्टेनलेस कापताना धुरात क्रोमियमचं असं रूप येतं की त्यातून फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तेव्हा पुतण्याने ठरवलं, टेबलाखाली पाणी भरायचं. ठिणग्या पाण्यात विझतील, धूळ पाण्यात बसेल, पत्राही तापून वाकायचा नाही.

आता शिरोलीच्या माणसाला मुद्दाम घरात पाणी साठवायला सांगणं हे जरा धाडसाचंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढलं आणि शिरोलीजवळ वाहतूक ठप्प झाली, ते अजून कोणी विसरलेलं नाही. शेडमधले मेस्त्री म्हणाले, "पाण्याला आवतण कशाला द्यायचं? ते येतंयच की."

तरीही टाकी झाली. आठ बाय चारचा पत्रा मावेल एवढी, अँगलच्या पायांवर उभी. गळती शोधायला मेस्त्र्यांनी जुनी रीत वापरली. सांध्याला बाहेरून चुना फासायचा, आतून रॉकेल लावायचं आणि बिडी ओढायला लांब जाऊन बसायचं. भोक असेल तिथे चुन्यावर डाग उमटतो. रॉकेल हल्ली औषधालाही मिळत नाही, म्हणून डिझेलवर भागवलं. डाग उमटले. वेल्डिंग कोणाचं, या विषयावर त्या दुपारी कोणी बोललं नाही.

मग पाणी भरलं. एवढ्या टाकीत १५० मिलिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ ४७० लिटर, म्हणजे अर्ध्या टनाला थोडंच कमी. भरल्याबरोबर पाण्याने पहिली गोष्ट सांगितली ती शेडच्या कोब्याबद्दल. एका कोपऱ्यात पाणी काठाला आलेलं आणि दुसऱ्यात दोन बोटं खाली. कोबा घालणाऱ्या कंत्राटदाराने जे इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं ते पाण्याने पाच मिनिटांत बाहेर काढलं. पुतण्या मोबाइलमधली लेव्हल घेऊन धावला. मेस्त्र्यांनी त्याला बाजूला केलं आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून पत्रा पेलणाऱ्या प्रत्येक पट्टीची उंची फुटपट्टीने मोजायला घेतली. पाण्याइतकी खरी लेव्हल कुठल्या दुकानात मिळते?

पट्ट्यांचंही एक शास्त्र आहे. ज्यांच्यावर पत्रा टेकतो त्या या उभ्या पट्ट्या. पत्रा कापताना त्याही थोड्या थोड्या कापल्या जातात, काही दिवसांत करवतीसारख्या दिसायला लागतात, म्हणून त्या वेल्ड करायच्या नसतात, खाचेत नुसत्या सोडायच्या. आणि सरळ रेषेत ठेवायच्या नसतात. जॉबची कड नेमकी पट्टीवरून गेली तर झोत सगळी पट्टी उभी चिरत जातो. आमच्या पट्ट्या आता नागमोडी उभ्या आहेत. ही सुधारणा मेस्त्र्यांची की पुतण्याची, यावर दोन मतं आहेत आणि दोघंही ती माझ्याकडे वेगवेगळे येऊन सांगतात.

खरा वाद पातळीचा. पाणी पत्र्याला भिडलेलं असावं, म्हणजे धूर शून्य, असं पुतण्याचं म्हणणं. मेस्त्र्यांना पाणी इंचभर खाली हवं. भिडलं की वर उसळतं, पत्रा गंजतो आणि झोत सोडणारी, पत्र्याला टेकून उंची घेणारी टॉर्च ओल्या जागी गोंधळते. दोघांचंही खरं असल्यामुळे वाद मिटेना. शेवटी पुतण्याने टाकीच्या तळाशी एक उलटी पेटी बसवली, वरून बंद, खालून उघडी. तिच्यात कॉम्प्रेसरची हवा सोडली की आतलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि टाकीतली पातळी वर येते. हवा सोडून दिली की पाणी पुन्हा खाली. एका कॉकवर दोघांची मतं. फक्त हवा भरलेली पेटी स्वतःच वर यायला बघते. पातळी ७५ मिलिमीटर चढवायची तर जवळजवळ २३५ किलोंचा उचल जोर. आर्किमिडीजला थोपवायला तळाशी बरंच वेल्डिंग लागलं.

यातली गंमत अशी की खाली टाकीभर पाणी पाहिजे आणि वर झोतासाठी टॉर्चला येणाऱ्या हवेत थेंबही चालत नाही. ओली हवा आली की तांब्याच्या इलेक्ट्रोडमधला हाफनियमचा ठिपका लवकर झिजतो, नोझल बिघडतं. म्हणून एकीकडे पाइप लावून पाणी भरायचं आणि दुसरीकडे फिल्टर लावून पाणी काढायचं. पावसाळ्यात मेस्त्री दर तासाला कॉम्प्रेसरच्या टाकीचा नळ सोडतात.

पाणी ठेवलं की ते गंज आणतं, शेवाळ धरतं, उन्हाळ्यात वास मारतं. "काका, पाणी म्हंजे म्हस हाय," मेस्त्री म्हणाले, "आणली म्हणून भागत न्हाई, रोज शेण काढाय लागतंय." गंजरोधक रसायनाचा खर्च वहीत कुठे मांडावा हे मला कळत नव्हतं. त्या दिवसापासून तो 'वैरण' या सदरात आहे.

पावसाळ्यात आरोग्यसेवक डासांच्या अळ्या शोधत आले. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणाले. मग टाकीचा आकार बघून त्यांनीच माघार घेतली आणि गप्पी मासे सोडायचा सल्ला दिला. त्या पाण्यात गंजरोधक आहे आणि वरून वितळलेलं लोखंड पडतं, हे सांगितल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मला दाखवलं नाही.

एका बाबतीत मात्र मेस्त्री हसत नाहीत. ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते दारातूनच परत पाठवतात. ॲल्युमिनियमचे तापलेले कण पाण्यात पडले की हायड्रोजन सुटतो, पत्र्याखाली साठतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होऊ शकतो. पाण्यातून सतत हवा खेळवली, गाळ वेळेवर काढला तर ते काम करता येतं, असं पुतण्या म्हणतो. "करा की," मेस्त्री म्हणतात, "मी सुट्टीवर असताना."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी टाकी साफ होते. लोखंडाचे पडलेले तुकडे एरवी दोरीला चुंबक बांधून काढता येतात, पण स्टेनलेसचे बहुतेक तुकडे चुंबकाला दाद देत नाहीत. ते सापडतात या दिवशी. यंदा त्यांच्याबरोबर एक पक्कड आणि अर्धा कॅलिपर निघाला. काळा गाळ पिंपात भरून रीतसर विल्हेवाटीला जातो, कारण गटारात सोडला तर तो पंचगंगेलाच जायचा. पण त्याआधी तो टाकीतून निघाला पाहिजे, आणि खालचा एक इंची कॉक चोंदला होता.

"दोन इंची बॉल व्हॉल्व्ह घाला मालक, आन् तळाला उतार द्या," मेस्त्री तारेने कॉक कोचत म्हणाले.

"उतार दिला तर आतली पेटी तिरकी बसेल."

"मग पेटी काढा की."

पुतण्याने गेटाच्या ऑर्डरचा कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर नव्या टाकीचं चित्र काढायला घेतलं.