हक्काची हुर्यो

परभणीच्या माणसाला फुटबॉलचा संघ निवडायचा ताप नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे कुणी, कधी आणि कुठल्या तंद्रीत म्हटलं याचा पत्ता नाही, पण ते एकदा तोंडातोंडी झाल्यावर विश्वचषकात आम्ही कुणाच्या बाजूचे हा प्रश्न कायमचा मिटला. कोल्हापूरकरांचं बरं असतं. त्यांना पेठ असते, तालीम असते, पाटाकडील की खंडोबा हे पाळण्यातच ठरलेलं असतं, आणि डोकं फिरलं की शाहू स्टेडियमवर जाऊन आपल्याच पोरांना चार शब्द सुनावता येतात. तिकीट काढून हुर्यो उडवावी असा संघ काही परभणीत नाही. म्हणून आमची हुर्यो थेट जर्मनीला जाते. कापसाखालोखाल बाहेर पाठवण्यासारखा आमचा तोच एक माल.

आमचे मामा मानवत तालुक्यात राहतात. कापूस, तूर, थोडी ज्वारी, आणि चार वर्षांतून एकदा जर्मनी. २७ जून २०१८च्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर टीव्ही लावला होता. पाऊस एक दिवस पडून पसार झालेला, पेरणी कुणाची झालेली, कुणाची अडकलेली, त्यामुळे माणसं आधीच चिडायला तयार होती. समोर दक्षिण कोरिया. नव्वद मिनिटं संपली तरी गोल नाही. भरपाईच्या वेळेत कोरियाने एक मारला, आणि मग जर्मनीचा गोलरक्षक नॉयर गोल सोडून पार पलीकडच्या टोकाला चाल करून गेला.

“ह्यो कुठं निघाला रे?” मामा खाटेवरून उठून बसले. “आपलं वावर उघडं टाकून दुसऱ्याच्या धुऱ्यावर काय करायलाय ह्यो?”

तेवढ्यात त्याच्याकडचा चेंडू गेला, लांब फटका आला आणि सोन पळत जाऊन रिकाम्या जाळीत चेंडू ढकलून मोकळा झाला. गतविजेते पहिल्याच फेरीत घरी. त्यानंतर मामांनी त्या अकरा जणांच्या मागच्या-पुढच्या पिढ्यांविषयी जे काही काढलं ते मासिकात छापता येणार नाही. शेजारच्या गल्लीतून लोक विचारायला आले, कुणाचं काही झालं का म्हणून.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून जावई आले. चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या सहज म्हणाले, “मामा, तुमची जर्मनी अगदीच भिकार खेळली हो.”

मामांचा चेहरा असा काही बदलला की मामींनी पोह्यांची ताटली मध्येच धरली. “जावईबापू,” मामा म्हणाले, “चार वेळा कप आणलाय त्यांनी. तुमचं पुणं कधी गेलं का वर्ल्डकपला?”

हुर्योचा सगळा कायदा मला तिथेच कळला. आपल्या संघाला शिव्या द्यायचा हक्क आपला, आणि दुसरा कुणी शिव्या देऊ लागला की त्याच्या अंगावर जायचं कर्तव्यही आपलंच. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे आम्ही हसत हसत स्वतःच सांगतो; पण बाहेरचा पाहुणा स्टेशनावर उतरता उतरता म्हणाला की आम्हाला कृषी विद्यापीठ आठवतं, गंगाखेडची जनाबाई आठवते, परभणी क्रांती नावाची भेंडीसुद्धा आठवते.

आता हा हक्क खेळाडूंना पटत नाही. २०१०च्या विश्वचषकात केपटाऊनला इंग्लंड आणि अल्जेरियाचा सामना शून्य-शून्य सुटला. इंग्लंडच्याच लोकांनी हुर्यो केली, तेव्हा वेन रूनी मैदानातून जाता जाता कॅमेऱ्याकडे बघून खवचटपणे बोलला, की आपलीच माणसं आपली हुर्यो करतात हे बघून बरं वाटलं. वाटणारच. पण माझं मत त्या लोकांच्या बाजूने आहे. विमानाचं भाडं भरून, हॉटेलात राहून, एवढ्या लांब जाऊन शून्य-शून्य बघायचं आणि वर टाळ्याही वाजवायच्या? आमच्याकडे जत्रेत दोन पैलवान नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून फिरत राहिले तर लोक पाच मिनिटंही थांबत नाहीत, आणि तिथे तर तिकीटही नसतं.

माद्रिदचे लोक त्याहून शिस्तीचे. रेआल माद्रिदच्या मैदानात भल्याभल्यांना शिट्ट्या खाव्या लागल्यात. क्रिस्तियानो रोनाल्डोसुद्धा सुटला नाही. आणि राग फारच झाला तर स्पेनमधले प्रेक्षक पांढरे रुमाल काढून हलवतात. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचारात पडले. तिकडे रुमाल दाखवून खुर्ची खाली करायला लावतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून खुर्ची धरतात. रुमालाचा एवढा उलटा उपयोग त्यांना पटला नाही.

पण हक्क आहे म्हणून तो कधीही वापरावा, हे मात्र मला मान्य नाही. १ एप्रिल २०२४ला वानखेडेवर मुंबई इंडियन्सचा सामना होता, घरचं मैदान, घरचा कर्णधार. हार्दिक पंड्या नाणेफेकीला आला आणि मैदानभर हुर्यो. संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. ज्या रोहितच्या जागी हार्दिकला आणलं म्हणून हा सगळा राग, तो रोहितच पुढे सीमारेषेवरून हाताने गप्प बसा म्हणून खुणावत होता. अहो, अजून चेंडू पडलेला नाही! खेळला तर बघा, हरला तर ओरडा. नाणं उडवण्यात माणूस काय चूक करणार? पुढे २९ जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक त्यानेच टाकलं, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. वानखेडेचं हे जुनंच आहे. २००६च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन एका धावेवर बाद होऊन परतला तेव्हा काही लोकांनी त्याचीही हुर्यो केली होती. सचिनची, मुंबईत! म्हणजे बाकीच्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारणच नाही.

जर्मनांनीही एकदा अशीच आगाऊ हुर्यो केली. कोरियाविरुद्धच्या त्या सामन्याआधी जवळजवळ तीन आठवडे, लेव्हरकुसेनला सौदी अरेबियाशी सराव सामना होता. त्यात त्यांनी आपल्याच ग्युंदोआनला धारेवर धरलं, कारण त्याने तुर्कस्तानच्या एर्दोआनबरोबर फोटो काढला होता. पुढाऱ्याबरोबर फोटो काढला म्हणून हुर्यो करायची ठरवली तर आमच्या चौकातले फ्लेक्स बघता जिल्ह्यात हुर्यो करायला माणूस शिल्लक राहणार नाही.

आणि हुर्यो करणारे निदान आलेले तरी असतात. १ जून २०१८ला, म्हणजे मामांची जर्मनी बुडायच्या महिनाभर आधी, अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला पाच-शून्यने हरवलं. सुनील छेत्रीने तीन गोल मारले. बघायला माणसं होती २,५६९. एवढी तर आमच्याकडे एका बऱ्यापैकी लग्नाच्या पंगतीला बसतात. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले. आम्हाला शिव्या घाला, नावं ठेवा, टीका करा, पण घरी बसून नको. मैदानात या आणि तोंडावर ओरडा, असं त्याचं म्हणणं. देशाचा कर्णधार लोकांकडे हुर्यो मागतोय! ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. तिकिटं संपली, धो धो पाऊस पडला, लोक भिजत उभे राहिले आणि भारत तीन-शून्यने जिंकला. ज्या हुर्योचं आमंत्रण होतं ती करायची वेळच आली नाही.

हा किस्सा मी मामांना मागे एकदा सांगितला. त्यांना तो फारच लागला. त्यांच्या गावच्या रस्त्याची हुर्यो ते रोज पारावर बसून करतात. ग्रामसभेला मात्र कधी गेलेले नव्हते. “त्या पोराचं खरंय,” म्हणाले, “तोंडावर जाऊन बोलाया पायजे,” आणि पुढच्या ग्रामसभेला इस्त्रीचं धोतर नेसून, रस्त्यावरच्या खड्ड्यांचे मुद्दे कागदावर लिहून निघाले. मीही बरोबर होतो.

सभेला माणूस नव्हता. पारावरचे सगळे पारावरच होते. सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, आम्ही दोघं आणि सावलीला आलेलं एक कुत्रं. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे ती चहा पिऊन पुन्हा भरली. ग्रामसेवकाने इतिवृत्त वाचायला घेतलं. मामांनी खिशातला कागद काढला, चष्मा चढवला, घसा खाकरला. तेवढ्यात सरपंच उठले, एवढ्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा सभेला आलात म्हणून त्यांनी मामांच्या गळ्यात हार घातला, आणि हजर असलेल्यांत वडीलधारे तुम्हीच, तर शेवटी दोन शब्द तुम्हीच बोला म्हणाले.

मामा उठले. हातातला कागद त्यांनी हारामागे लपवला, आणि एवढी उत्तम सभा भरवल्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार मानले.