बॅकहोची जन्मतारीख

आयोवा, अमेरिका

ती. आबाकाकांस,


शेडमधल्या जुन्या फोर्ड बॅकहोबद्दल ‘पिवळाच आहे ना, मग जेसीबीचे पार्ट टाका’ हा आपला सल्ला पोचला. वडीलकीचा मान राखून सांगतो, रंगावर जायचं तर फोर्ड, मॅसी फर्ग्युसन आणि जॉन डियर सख्खे भाऊ ठरतील. बांधकामाची यंत्रं तिघांनीही पिवळी रंगवली. बॉनेटवरच्या नावाचाही भरवसा नाही. इतक्या वर्षांत बॉनेट दुसऱ्याच ट्रॅक्टरचं बसलेलं असतं, नंबराची पट्टी गंजून पडलेली असते. साक्ष काढायची ती ओतीव लोखंडाची.

तारेच्या ब्रशाने ग्रीस खरवडलं की ओतीव भागांवर ‘सी५एनएन’ अशी अक्षरं उमटलेली दिसतात. ‘सी’ म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, पुढचा ‘एन’ ट्रॅक्टरचा. सत्तरच्या दशकाला ‘डी’. मात्र हा आराखड्याचा सन. तोच आराखडा पुढे कित्येक वर्षं ओतला जातो. म्हणून ठोकलेला दुसरा कोड बघायचा. तिथे ‘८सी१४’ असेल तर आठने संपणारं वर्ष, मार्च महिना, १४ तारीख. त्यापुढचं अक्षर कारखान्याच्या पाळीचं. आपल्याकडे मास्तरांनी निम्म्या गावाचा जन्म १ जूनला उरकला. इथे लोखंडाची पाळीसुद्धा नोंदवलेली! आपण विचाराल, आठ म्हणजे १९६८ की १९७८? शंका रास्त आहे. म्हणूनच एका आकड्यावर निकाल द्यायचा नाही. ब्लॉक, गिअरबॉक्स, मागचं हाऊसिंग सगळीकडे बघायचं. मूळचे भाग ‘डी’चे निघाले, तर यंत्र साठच्या दशकातलं असूच शकत नाही. एखादाच ‘डी’ दिसला, तर तो मागाहून बदललेला भाग असू शकतो.

‘आमचा मिस्त्री मापावर सील बसवतो, मॉडेल कशाला हवं?’ हेही आपण म्हणालच. सिलिंडरच्या सीलपुरतं ते कबूल. फक्त माप फुगलेल्या जुन्या सीलचं न घेता रॉडचं, बोअरचं आणि खाचेचं घ्यावं. पण हायड्रॉलिक पंप, क्लच आणि डिझेल पंप नुसत्या मापावर मिळत नाहीत. त्यात ट्रॅक्टर, पुढचा लोडर आणि मागचा बॅकहो यांचे नंबर वेगवेगळे. एकाचा नंबर सांगून दुसऱ्याचा पार्ट मागवला, तर पैसे जातात आणि गळती राहते. ती गळतीही हात फिरवून शोधू नये. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. पुठ्ठा धरावा. बकेट आधी जमिनीला टेकवावी, उचललेल्या लोडरखाली डोकं घालू नये. ‘भंगारात घाला’ हा सल्लाही तूर्त राखून ठेवावा. विकायचं झालं तरी गिऱ्हाईक पहिला प्रश्न मॉडेलचाच विचारणार.

तरी फराळाच्या डब्यात जेसीबीची सीलं घालू नयेत. त्या जागेत चकल्या मावतील, आणि त्या कुठल्याही मॉडेलला चालतात.

आपला,
पुतण्या व मंडळी