मुलाला सहारला सोडून येण्याची शास्त्रोक्त पद्धत

अमेरिकेला जाणारा एक असतो. सोडायला जाणारे किमान सात असावेत. त्याहून कमी माणसे निघाली तर घरात काहीतरी बिनसले आहे, अशी कुजबुज सोसायटीत सुरू होते.

आधी तारखेचा घोळ निस्तरावा. परदेशी विमाने बरीचशी मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि पहाटेचे दोन असतील, तर घर १४ लाच सोडायचे असते. हे प्रत्येकाला वेगवेगळे समजावावे, आत्याला दोनदा.

मग ठिकाण. ‘एअरपोर्ट’ एवढे सांगून भागत नाही. टर्मिनल १ सांताक्रूझ-पार्ल्याच्या अंगाला, टर्मिनल २ सहारला. धावपट्ट्या त्याच, पण एका दारावरून दुसऱ्या दारी जायला वाहन लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली, त्यामुळे चुकायला आता खाडीपलीकडेही वाव आहे.

वाहनाबद्दल मतभेद अटळ आहेत. भूमिगत मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत जाते आणि टर्मिनल २ चे तिला स्वतंत्र स्थानक आहे. गर्दी नाही, खड्डे नाहीत, सिग्नल नाही. मात्र विमान सुटेपर्यंत मेट्रो झोपलेली असते, म्हणजे मुलगा जाईल, सातजण राहतील. काळीपिवळीत सात मावत नाहीत. शेवटी दोन गाड्या निघतात आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर पार्ल्याच्या आसपास एकमेकींना हरवतात. तेथून सहार उन्नत मार्गाला लागलेली गाडी थेट टर्मिनलच्या दारात उतरवते. तो मार्ग चुकलेली गाडी अंधेरी-कुर्ला रस्त्यावर चिंतन करते.

प्रत्येक पथकात एक मामा असतो व त्याने इतिहास सांगायचा असतो. १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजींचे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ आले. माहिती खरी असते. मामांना थांबवू नये. तोवर बॅगा उतरवून होतात.

बॅगांचे मुख्य कार्य फूटपाथवर चालते. घरच्या काट्यावर बरोबर २३ किलो भरलेली बॅग येथे उघडते, भाकरवडी इकडून तिकडे जाते, पुस्तके परत घरी निघतात. सुके खोबरे निमूटपणे आईच्या पिशवीत परत करावे. त्यात तेल असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाले त्याला ज्वालाग्राही मालात धरतात. ‘आमच्या डब्यात वर्षभर राहते, कधी पेटले नाही,’ हा युक्तिवाद सुरक्षारक्षकासमोर करू नये. लोणचे हातातल्या सामानात ठेवायचा मोहही आवरावा. तपासणीत त्याची गणना द्रवात होते.

दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट व ओळखपत्र ताडून पाहतो. येथे सातजणांचा प्रवास संपतो. आत, २०१४ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीत, मोरपिसाच्या नक्षीचे छत आहे आणि देशभरातल्या हजारो कलाकृतींची सुमारे तीन किलोमीटर लांबीची भिंत. जो आत जातो त्याला इमिग्रेशनच्या रांगेची धास्ती असते, आणि ज्यांना भरपूर वेळ आहे ते काचेबाहेर उभे असतात. ही व्यवस्था कोणी केली, यावर मामांचे मत आहे.

पाया पडणे दाराजवळ उरकू नये, ट्रॉल्या अडतात. पाच पावले मागे सरून, वयाच्या क्रमाने पडावे. त्यानंतर मुलाचा फोन येतो, ‘आत आलो, तुम्ही निघा.’ निघू नये. सामान गेले का, सुरक्षा झाली का, गेट कोणते, हे तीन फोन व्हायचे आहेत. दरम्यान पार्किंगचा आकडा वाढत असतो. पावती कोणाकडे आहे ते वेळीच विचारावे; ती बहुधा चुलतभावाच्या खिशात असते, आणि चुलतभाऊ वडापाव शोधायला बाहेर गेलेला असतो.