विलायती पत्रा, जपानी काळीज

‘काम केलेली’ अ‍ॅम्बेसिडर बाळगणारा कोल्हापूरकर साधारण पन्नाशीचा असतो. घरचा ऊस असतो किंवा शिरोली एमआयडीसीत छोटीशी फाउंड्री असते. दोन्ही असेल तर अ‍ॅम्बेसिडरच्या शेजारी काँटेसाही उभी असते. रोजच्या वापराला दारात एक नवी गाडी असतेच. ती बायको चालवते, पोरगा चालवतो, वेळ पडली तर शेजारीही नेतो. जुनीला मात्र परका हात लागलेला मालकाला खपत नाही. अपवाद फक्त धुण्याचा. गाडी ओरिजिनल आहे का, असं कोणी विचारलं तर तो किंचित दुखावतो. ‘‘ओरिजिनल कशाला ठेवू भावा? सगळं काम केलंय,’’ असं म्हणत तो बॉनेटकडे वळतो. विचारणाऱ्याने या क्षणी घड्याळ पाहू नये, उपयोग नसतो.

बॉनेट उघडण्याआधी गाडीचं कूळ सांगितलं जातं. अ‍ॅम्बेसिडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. १९४२ साली स्थापन झालेल्या बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने ती कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात बनवायला घेतली आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४पर्यंत बनवत राहिली. मायदेशी ही पगारदार माणसाची घरगुती गाडी होती. भारतात आल्यावर तिला मंत्रिपद मिळालं. पांढरा रंग, खिडक्यांना पडदे, छतावर लाल दिवा असा तिचा थाट झाला आणि सहकाराच्या पट्ट्यात ती कारखान्याच्या चेअरमनची निशाणी बनली. मालकाच्या लहानपणी अशी गाडी गावात शिरली की पोरं धुरळ्यातून मागे धावायची. धावणाऱ्यांत तोही होता, हे त्याच्या आजच्या वेडाचं मुख्य कारण. बाकीची कारणं त्याने नंतर गोळा केलेली आहेत. २०१७ साली ‘अ‍ॅम्बेसिडर’ हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या समूहाने ८० कोटी रुपयांना विकत घेतलं. नुसत्या नावाचे ८० कोटी, तर चालत्या गाडीचे किती, हा हिशेब तो पाहुण्यांना घालतो आणि उत्तराची वाट पाहतो.

काँटेसाचं कूळ आणखी वरचं. ती ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीची व्हिक्टर. १९८०च्या दशकात ती इकडे आली तेव्हा लांबरुंद, मऊ गादीची, एसी बसवता येणारी अशी गाडी भारतात दुसरी फारशी नव्हती. हिंदी सिनेमातला स्मगलर तिच्यातून उतरायचा. कंपनीने सुरुवातीला तिच्यात अ‍ॅम्बेसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन घातलं होतं; पैलवानाच्या छातीत शाळकरी पोराचं काळीज बसवावं तसं. पुढे इसुझू या जपानी कंपनीचं १८१७ सीसीचं इंजिन आलं आणि गाडीला दम आला. तेच इंजिन १९९०च्या दशकात अ‍ॅम्बेसिडरलाही मिळालं.

तिसरी गाडी दुर्मीळ. स्टँडर्ड २००० म्हणजे ब्रिटनची रोव्हर एसडी-वन, १९७७ सालची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’. तिकडे तिला साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिनही मिळत असे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९८५ साली ती भारतात आणली, आपल्या रस्त्यांसाठी उंची वाढवली आणि आत स्टँडर्ड व्हॅनगार्डचं, १९४०च्या दशकातल्या घडणीचं इंजिन १९९१ सीसीचं करून बसवलं. व्हॅनगार्डचं हे इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या इंजिनाचं सख्खं भावंड. तीनेक वर्षांत उत्पादन बंद पडलं. देशभर ही गोष्ट फसलेल्या गाडीची म्हणून सांगितली जाते. उसाच्या पट्ट्यात मात्र आलिशान विलायती गाडीत ट्रॅक्टरच्या नात्यातलं इंजिन, हे वर्णन अवगुणाचं वाटत नाही. शिवाय मालकाला इथे एक बिनतोड मुद्दा सापडतो. इंग्रजी गाडीत दुसरं इंजिन घालायला सुरुवात कंपन्यांनीच केली. ‘‘कंपनीनं केलं की इंजिनिअरिंग, आणि आम्ही केलं की जुगाड व्हय?’’ या प्रश्नाला आजवर कोणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

काम होतं ते शिवाजी उद्यमनगरात. पंचगंगेचं पाणी उसाला देणारी ऑइल इंजिनं आणि गुऱ्हाळाचे चरक यांच्या दुरुस्तीवर या भागातल्या कैक लेथ पोसल्या गेल्या. सुटा भाग मिळत नसेल तर बनवायचा, ही इथली रीत. त्यामुळे बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीचं दुःख उद्यमनगराला फारसं होत नाही. मालक गाडी घेऊन आला की मिस्त्री आधी बॉनेटमध्ये न बघता बॉनेटभोवती एक फेरी मारतो. मग संवाद होतो.

‘‘मिस्त्री, बसंल का?’’

‘‘इंजिन बसतंय मालक. बॉनेट बसतंय का बघाय लागंल.’’

कागदावर ड्रॉइंग नसतं. जुनं इंजिन साखळी-पुलीवर उचललं जातं, नवीन म्हणजे दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन त्या पोकळीत उतरवलं जातं आणि लाकडाचे ठोकळे घालून ते टांगत्या अवस्थेत ठेवून सगळे चहाला जातात. परत आल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या पट्टीचं माप पुठ्ठ्यावर घेतलं जातं. पुठ्ठ्याला भोकं पाडायची, तो दोन्हीकडे लावून बघायचा, अर्धा सूत चुकलं तर दुसरा पुठ्ठा. जमला की त्यावरून लोखंडी प्लेट कापून लेथवर चढवायची. ही प्लेट हे सगळ्या गाडीतलं सर्वांत मोलाचं काम. तिच्यावर ना कंपनीचं नाव असतं ना नंबर, आणि एकदा बसली की ती कोणाला दिसतही नाही. म्हणून मालक तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवतो. नातवाचा फोटो शोधताना हाच आधी लागतो.

पळणारी गाडी थांबवायची कशी, हा प्रश्न इंजिन बसल्यानंतर सुचतो. मग पुढच्या चाकांना ड्रम काढून डिस्क ब्रेक, बूस्टर. वाढलेल्या गरमीसाठी मोठा रेडिएटर, रेडिएटरसाठी पुढची जाळी कापणं, जाळी कापली म्हणून पुन्हा डेंटिंग-पेंटिंग. एका कामातून दुसरं निघतं आणि मालकाला त्याचं वाईट वाटत नाही. शनिवारची दुपार उद्यमनगरात घालवायला सबब मिळते. डॅशबोर्डला सागवान लागतं. स्टेअरिंगखालचा गिअरचा दांडा खाली जमिनीवर येतो, पण काही मालक जुना दांडाही जागेवर ठेवतात. तो कशालाच जोडलेला नसतो. चालवताना मात्र डावा हात सवयीने तिकडेच जातो आणि गाडी न्यूट्रलमध्ये गुरगुरत राहते.

या गाड्यांचं आकर्षण तपासायचं तर आत बसून बघावं लागतं. अ‍ॅम्बेसिडरचं छत उंच. फेटा बांधलेला माणूस मान न वाकवता बसू शकतो. कोल्हापुरात हा गुण किरकोळ नाही. लग्नसराईत त्यामुळे गाडीला पुतण्यांकडून, मेहुण्यांकडून आणि ज्यांच्याशी बोलणं बंद आहे अशा भाऊबंदांकडूनही मागणी येते, आणि नवरदेवापेक्षा ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्याचा चेहरा फोटोत जास्त उजळलेला दिसतो. मागचे पाटे मजबूत असल्याने खड्डा लागला तरी गाडी तो आपल्या गतीने गिळते. पत्रा जाड. दार लावल्यावर जो आवाज येतो तो ऐकवण्यासाठी मालक दार दोनदा लावतो.

परीक्षेचा रस्ता म्हणजे पन्हाळ्याचा. वाघबीळचा चढ एसी चालू ठेवून, पाच माणसं भरून, तापमानाचा काटा निम्म्यावर असताना पार झाला की काम पास. काटा वर गेला तर झाडाखाली थांबून ‘सीनरी’ बघितली जाते. पाण्याचा कॅन डिकीत असतोच. घरच्यांना या सीनरीची सवय झालेली असून पोरं कॅन बघूनच पुस्तक काढतात.

दसऱ्याचा दिवस मात्र मालकाला जड जातो. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते, सगळं गाव तिच्याकडे बघतं आणि चौकाच्या कडेला आपली गाडी लावून आलेला मालकही टाचा उंचावून तेच बघतो. मग तो स्वतःची समजूत काढतो की ती जर्मन आहे, प्रकार वेगळा आहे.

आता मोलाचा विचार. परदेशात अशा कामाला रेस्टोमॉड म्हणतात. जग्वारची १९६०च्या दशकातली मार्क टू घेऊन तिला नवा गिअरबॉक्स, पॉवर स्टेअरिंग, एसी बसवून देणाऱ्या कार्यशाळा आहेत आणि त्यांची बिलं बघून उद्यमनगरातला मिस्त्री आपण व्यवसाय चुकलो असं म्हणतो. तरी लिलावात तिकडेही वजन पडतं ते मूळ इंजिन, मूळ नंबर, मूळ कागद असलेल्या गाडीचं. बदल करणाऱ्याने घातलेला पैसा विकताना परत मिळाला, असं क्वचितच घडतं. २००८पासून जग्वार टाटांची आहे, म्हणजे तीही आपलीच, एवढंच कोल्हापुरात त्यावर म्हटलं जातं.

कायदाही मालकाच्या बाजूचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. इंजिन बदललं तर आरटीओकडे नोंद लागते. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, सोबत पर्यावरण कर. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा नंबर दिला, वीस हजार रुपये भरून. पण त्याला गाडी मोठ्या बदलाशिवाय मूळ स्वरूपात हवी, आणि ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. काम केलेल्या गाडीला तो मान नाही. मालक म्हणतो, मिसळ खायला न्यायची नाही तर मान घेऊन करायचं काय? या एका बाबतीत त्याचं म्हणणं पटण्याजोगं आहे. मूळ स्वरूपातल्या गाडीचा धनी तिला पावसात काढत नाही, उन्हात काढत नाही, काढलीच तर पार्किंगमध्ये तिच्याजवळून हलत नाही. काम केलेली गाडी रंकाळ्यावर जाते, ज्योतिबाला जाते, पोत्याने गूळही आणते.

अलीकडे एक नवं संकट आलं आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या कार्बोरेटरचे आणि पेट्रोलच्या नळ्यांचे रबरी भाग खातं. इथेनॉल उसापासूनही येतं, आणि ऊस पिकवतो मालक. कारखान्याचं बिल खात्यावर जमा झालं की आनंद होतो आणि त्याच आठवड्यात नळी गळते. नळ्या बदलून मिळतात. उद्यमनगरात त्याचाही नवा धंदा निघाला तर नवल नाही.

बायको या सगळ्याचा हिशेब वहीत न लिहिता तोंडपाठ ठेवते. ‘‘अहो, एवढ्यात एक खोली वाढली असती,’’ असं ती पाहुण्यांसमोर म्हणते. माहेरच्या लग्नाला मात्र तिला हीच गाडी लागते, आणि नवी गाडी दिराकडे दिली जाते.

गाडी विकायची का, असं विचारणाऱ्याला मालक एक आकडा सांगतो. तो आकडा गिऱ्हाईक पळून जावं म्हणूनच काढलेला असतो. तरीही एखादा पळाला नाही आणि सौदा खरोखर ठरू लागला, तर घेणाऱ्याने आधी टीसी बुकातला इंजिन नंबर आणि बॉनेटखालचा नंबर जुळवून बघावा, नोंद नसेल तर ती झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि मिस्त्रीचा मोबाइल नंबर गाडीच्या किमतीतच मागून घ्यावा.